शर्यत पाहायला निघालात? आधी उभे राहायला शिका

शेतकऱ्याला वेगाचे वेड नसते, असे कोणी म्हणत असेल तर त्याने चैत्रातल्या यात्रेत एकदा बैलगाड्यांच्या शर्यतीला येऊन उभे राहावे. एरवी बांधावरून हळूहळू चालणारी म्हातारी माणसे तिथे धोतराचा सोगा धरून पळताना दिसतात. बैलांवर जीव टाकणारा हा माणूस मोटारीच्या शर्यतीवर भाळला तर त्यात नवल कसले? प्रस्तुत लेखकाला हे वेड लहानपणापासून आहे. त्या वेडापायी एकदा घरच्या पाच माणसांना घेऊन मोटारींची शर्यत पाहायला गेलो. शर्यत पाहिली. पण तिथून जे शिकून आलो ते शर्यतीपेक्षा मोठे होते. गावोगावच्या शेतकरी बंधूंना, सरपंचांना आणि पोलीस पाटलांना ते उपयोगी पडेल म्हणून हा लेखनप्रपंच.

आग्रा रोडवरच्या परदेशी गाड्या

वेड खरे म्हणजे वडिलांकडून आले. आमच्या घरात त्यांना आबा म्हणतात. १९६८ साली लंडन ते सिडनी अशी मोटारींची प्रचंड मोठी स्पर्धा झाली. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत त्या दिल्लीला आल्या आणि तिथून आग्रा, इंदूरवरून मुंबईला. मुंबईत गाड्या बोटीवर चढवून ऑस्ट्रेलियाला नेल्या. १७ डिसेंबरला सिडनीला शेवट झाला. सुमारे सोळा हजार किलोमीटरची ही दौड अँड्र्यू कोवान यांच्या हिलमन हंटर गाडीने जिंकली.

आता इंदूरहून मुंबईला येणारा रस्ता म्हणजे आपलाच मुंबई-आग्रा रोड. धुळे, मालेगाव, नाशिक, इगतपुरी. आबा तेव्हा बारा वर्षांचे होते. बैलगाडीत कांद्याच्या गोण्या घालून थोरल्या चुलत्यांबरोबर बाजाराला निघालेले. ते सांगतात, "मागून असा आवाज आला की बैल बुजले. काकांनी गाडी खाली घेतली अन् जू धरून उभे राहिले. अंगावर नंबर रंगवलेली, पुढं दिव्यांची रांग लावलेली गाडी धूळ उडवत गेली. मागनं दुसरी, तिसरी. आम्हाला वाटलं, लढाई लागली का काय!"

ही गोष्ट आम्ही पोरे शंभर वेळा ऐकत मोठी झालो. पण त्यातले एक वाक्य कानावरून गेले. काकांनी गाडी खाली घेतली अन् जू धरून उभे राहिले. त्या वाक्याची किंमत पुढे कळली.

रॅली म्हणजे काय?

मोटारींच्या शर्यती दोन तऱ्हेच्या. एक, बांधीव धावपट्टीवरची. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइंबतूरला, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला अशा धावपट्ट्या आहेत. तिथे सगळ्या गाड्या एकदम सुटतात, पुन्हापुन्हा समोरून जातात आणि प्रेक्षक जाळीमागे बसतो. ग्रेटर नोएडाच्या ५.१२५ किलोमीटरच्या धावपट्टीवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे जगप्रसिद्ध फॉर्म्युला वन शर्यत झाली आणि बंद पडली. धावपट्टीखालची जमीनही आसपासच्या गावांचीच होती आणि मोबदल्यासाठी शेतकऱ्यांनी आंदोलने केली, हेही विसरता येत नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे रॅली. हिला धावपट्टी लागत नाही, तुमच्या-आमच्या गावचा रस्ता लागतो. घाटाचा, मुरमाचा, शिवारातून जाणारा. काही किलोमीटरचा तुकडा वाहतुकीला पूर्ण बंद करतात. गाड्या एकेक करून, एक-दोन मिनिटांच्या अंतराने सोडतात आणि घड्याळ लावून वेळ मोजतात. ज्याची सगळ्या तुकड्यांची बेरीज कमी, तो जिंकला. एका बंद तुकड्यावरून दुसऱ्याकडे जाताना मात्र ह्याच गाड्यांना उघड्या रस्त्याने, वाहतुकीचे नियम पाळून जावे लागते. तिथे घाई केली तर दंड.

गाडीत दोघे असतात. एक चालवतो, दुसरा वहीतून वाचत राहतो. आदल्या दिवसांत दोघांनी तोच रस्ता सावकाश फिरून टिपणे काढलेली असतात. किती मीटरवर वळण, डावे का उजवे, किती तीव्र, पुढे मोरी आहे का, आत खड्डा आहे का. चालवणाऱ्याला वळणापलीकडचे दिसत नाही. तो वहीवर विश्वास ठेवून गाडी फेकतो. म्हणजे वहीत नसलेली गोष्ट रस्त्यावर आली, मग ती शेळी असो, दगड असो का माणूस असो, तर तिला वाचवायला त्याच्या हाती काही उरत नाही.

राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्या नाशिक भागात झालेल्या आहेत. शिवाय नाशिकच्या महिंद्राच्या कारखान्यात काम करणारी पोरे आपल्या गावोगावी आहेत. त्यामुळे इथल्या माणसाला गाडीच्या इंजिनाचे कौतुक शिकवावे लागत नाही. शिकवायचे असते ते वेगळेच.

आम्ही निघालो

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराकडच्या एका गावाजवळ रॅली आहे असे कळले. तिकीट नाही, काही नाही. द्राक्षाची छाटणी अजून लांब होती. घरात जाहीर केले, सगळ्यांनी चलायचे. सौ. म्हणाल्या, "गाडी डोळ्यासमोरून एका क्षणात जाणार. त्याच्यासाठी दिवसभराचा खेळखंडोबा?" हे अगदी खरे होते. रॅलीत एकेक गाडी तुम्हाला पाच-दहा सेकंद दिसते. तरी भाकऱ्या, ठेचा, पिठले आणि पाण्याचा कॅन जीपमध्ये टाकून आबा, सौ., अकरा वर्षांचा थोरला आणि सात वर्षांची धाकटी असे पहाटेच निघालो. रस्ता एकदा बंद झाला की आत जाता येत नाही आणि बाहेरही पडता येत नाही, एवढे ठाऊक होते.

जीप गावात लावून दीड-दोन किलोमीटर चालत गेलो. एक झकास वळण सापडले. वळणाच्या बाहेरच्या अंगाला बांध, बांधावर बाभळीची सावली. समोरून येणारी गाडी थेट अंगावर येताना दिसेल अशी जागा. खूश होऊन सतरंजी पसरली.

तेवढ्यात शिट्टी वाजली. कॉलेजातला असेल असा एक पोरगा, अंगात भडक रंगाचे जाकीट, गळ्यात शिट्टी, हातात वायरलेस. रॅलीत यांना मार्शल म्हणतात.

"काका, इथं नाही बसायचं. वर जा, त्या टेकाडावर."

मला राग आला. म्हटले, "आम्ही काय लहान आहोत का? बांधावर आहोत, रस्त्यावर नाही. अन् आम्ही ह्याच जिल्ह्यातले आहोत."

पोरगा हात जोडून म्हणाला, "काका, गाडी घसरली तर बाहेरच्याच अंगाला येते."

मी आणखी बोलणार, तोच आबा उठले. म्हणाले, "अरे, विहिरीवर सुरुंग लावतात तेव्हा लाल झेंडीवाल्याचं ऐकतोस ना? तिथं विचारतोस का, तू कुठल्या जिल्ह्यातला म्हणून? उचल सतरंजी." आणि नातीचा हात धरून टेकाड चढू लागले.

तोंड पाडून मागे गेलो. टेकाडावरून वळण आडवे दिसत होते. गाडी अंगावर येताना दिसणार नव्हती. सगळी मजा गेली असे वाटले.

चौथी गाडी

आधी पोलिसांची गाडी गेली. मग संयोजकांची जीप. मग शून्य नंबरची गाडी. ही शर्यतीत नसते. रस्ता मोकळा आहे, माणसे-जनावरे जागेवर आहेत, हे पाहत ती सर्वांच्या पुढे जाते. ती गेली की शर्यत सुरू होणार हे समजायचे आणि त्यानंतर रस्ता ओलांडायचा नाही म्हणजे नाही.

पहिली गाडी दिसण्याच्या आधी ऐकू आली. डोंगरात आवाज घुमला, धाकटीने कान झाकले. धुळीचा लोट आला आणि त्यातून गाडी आडवी होत वळणातून निघून गेली. थोरला नाचायला लागला. सौ. सुद्धा "अगं बाई!" म्हणून उभ्या राहिल्या. दुसरी गेली. तिसरी गेली.

चौथी वळणात जास्त वेगाने आली. मागची चाके सुटली, गाडी बाहेरच्या अंगाला घसरत गेली आणि बांधावर आदळली. चार दगड उडाले. बाभळीची फांदी तुटून खाली आली. चालवणाऱ्याने कसेबसे गाडीला रस्त्यावर घेतले आणि तो निघून गेला. सगळे मिळून दोन-तीन सेकंदांत. सकाळी आमची सतरंजी होती ती हीच जागा.

कोणी काही बोलले नाही. सौ.नी धाकटीला मांडीवर ओढून घेतले. आबांनी पाण्याचा घोट घेतला आणि खाली उभ्या असलेल्या त्या मार्शल पोराकडे नुसते पाहिले. पुढच्या सगळ्या गाड्या आम्ही पाहिल्या, पण मन खाली त्या बांधावरच होते.

हिशेब सोपा आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. पळायचे हे तुमच्या डोक्यात येईपर्यंत सेकंद गेलेला असतो. मग उठायला, पोराचा हात धरायला, वळायला वेळ कुठला?

वस्तीवरची बाई

त्याच दिवशी दुसरा प्रसंग पाहिला. मधल्या वेळेत बंद रस्त्याकडेच्या वस्तीवरून एक बाई तापाने फणफणलेले लेकरू घेऊन आली. तिला दवाखान्यात जायचे होते. शर्यत असो का काही असो, तिने का थांबावे? मार्शलने वायरलेसवर कळवले. सुरुवातीच्या ठिकाणी पुढची गाडी रोखून धरली. संयोजकांच्या जीपमधून मायलेकरांना बाहेर सोडले, रस्ता मोकळा झाल्याचे परत कळवले, तेव्हाच पुढची गाडी सुटली. स्पर्धा काही मिनिटे थांबली. कोणाचे काही बिघडले नाही.

संध्याकाळी जीपकडे परतताना गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांची गाठ पडली. ते म्हणाले, "शर्यत तुमची, पण रस्ता आमचा आहे, भाऊ. पोलीस पाटलांनी दोन दिवस आधी दवंडी दिली, म्हणून दूध सकाळी लवकर डेअरीला घातलं, जनावरं बांधून ठेवली. दवंडी दिली नसती तर?" सरपंचांनी रस्ता दुरुस्तीचे लेखी घेतले होते, हेही त्यांनीच सांगितले. साइडपट्टी उखडली होती. पुढे कळले की मुरूम टाकून रोलर फिरवून दिला. लेखी नसते तर कोणी फिरकले असते का, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारावा.

जिथे साखळी तुटली

आमच्या घरावर आलेले टळले. सगळीकडे टळत नाही. २१ सप्टेंबर २०१९ रोजी राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅली स्पर्धेची फेरी चालू होती. बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली. स्पर्धेतली गाडी भरवेगात होती. मोटारसायकलवरचे नवरा, बायको आणि त्यांचा मुलगा असे एका घरातले तिघे गेले. स्पर्धा तिथेच रद्द झाली. दोष कोणाचा, यावर पुष्कळ बोलले गेले. पण गावाच्या बाजूने एवढेच पाहावे की ते शर्यतीला आलेले नव्हते. ते आपल्या रस्त्याने निघाले होते.

परदेशातही हेच. पोर्तुगालमध्ये मार्च १९८६ मध्ये प्रेक्षक रस्त्याच्या कडेला नव्हे, रस्त्यावरच गर्दी करून उभे असत, गाडी आली की बाजूला होत. एक गाडी गर्दीत घुसली. काही जण दगावले, तिसाहून अधिक जखमी झाले. त्या वर्षी आणखीही मोठे अपघात झाले आणि त्या भयंकर ताकदीच्या गाड्यांचा वर्गच पुढच्या वर्षापासून बंद करण्यात आला.

आणि जाळी असली म्हणजे सारे झाले असेही नाही. ग्रेटर नोएडाला २०११ साली पहिल्या फॉर्म्युला वनच्या सरावात, एवढी कुंपणे आणि एवढा बंदोबस्त असताना, धावपट्टीवर चक्क कुत्रे आले आणि सराव थांबवावा लागला. मग आपल्या उघड्या शिवारात शेळ्या, कुत्री आणि मोकाट वासरे यांचा भरवसा कोणी द्यावा?

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम १८९ प्रमाणे राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी मोटारींची शर्यत लावणे किंवा तीत भाग घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हे गावातल्या तरण्या पोरांनाही सांगायला हवे. रात्री महामार्गावर मोटारसायकली पळवणे ही शर्यत नव्हे. तिथे ना रस्ता बंद, ना शिट्टी, ना रुग्णवाहिका.

बैलगाडा शर्यतीचे उदाहरण आपल्यापुढे आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. खेळ टिकला तो अटींमुळे टिकला. मोटारींच्या खेळालाही हेच लागू आहे.

ग्रामपंचायतीने काय पाहावे

आपल्या शिवारात रॅली येणार असे कळले तर विरोधही करू नका आणि हुरळूनही जाऊ नका. पुढील गोष्टी बघा.

शासनाची आणि पोलिसांची लेखी परवानगी पाहायला मागा. देशातल्या मोटार खेळांच्या महासंघाची मान्यता आहे का, विचारा. रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा, बांधकाम खात्याचा का वनखात्याचा, हे पाहून त्या-त्या खात्याची संमती घेतली आहे का, तपासा.

रस्ता किती वाजता बंद होणार आणि किती वाजता उघडणार, हे निदान आठ दिवस आधी फलकावर लावा. दवंडी द्या, वस्त्यांवर माणूस पाठवा. मोबाईलवर निरोप टाकला म्हणजे सगळ्यांना पोहोचला असे समजू नका. मळ्यातून निघणारी प्रत्येक पायवाट आणि गाडीवाट कोणती, हे बाहेरून आलेल्या संयोजकांना ठाऊक नसते, ते पोलीस पाटलांना ठाऊक असते. त्यांच्याकडून यादी करून घ्या आणि प्रत्येक वाटेच्या तोंडाशी माणूस उभा राहील, असे लिहून घ्या.

दूध, शाळा, बाजार, पाळीचे पाणी यांच्या वेळा आधी सांगा. आजारी आणि अडलेल्या बाईसाठी रस्ता कसा मोकळा करणार, हे विचारा. बांध, पीक आणि रस्ता यांच्या नुकसानीची भरपाई कोण आणि किती दिवसांत करणार, हे कागदावर घ्या. तोंडी आश्वासनावर सही होत नाही.

घरच्यांना घेऊन जाताना

पाहायला जाणाऱ्यांसाठीही थोडे सांगतो. रस्ता बंद होण्याच्या तासभर तरी आधी पोहोचा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला कधी उभे राहू नका, आतल्या अंगालाही कडेला चिकटू नका. रस्त्यापेक्षा उंच आणि लांब जागा धरा, मागे पळायला मोकळे रान असावे. रस्त्यापेक्षा खोल जागा, मोरीचे तोंड, चढ संपून गाडी उसळते ती जागा टाळा. पोरांना रस्त्याकडे पाठ करू देऊ नका. फोटोच्या नादात पुढे सरकू नका. दोन गाड्यांच्या मधे वेळ आहे म्हणून रस्ता ओलांडू नका. शेवटची गाडी गेली असे वाटले तरी रस्ता उघडल्याची खूण करणारी गाडी येईपर्यंत जागा सोडू नका. आणि शिट्टीवाल्याशी हुज्जत घालू नका. तो वयाने लहान असेल, तरी त्या वळणावर तो वडीलधारा आहे.

त्या दिवशी परतताना जीपमध्ये सौ. एकदाच बोलल्या, "पुन्हा गेलात तर आम्हाला न्या. पण जागा आबा ठरवतील." ते मान्य करावे लागले. थोरला आता पंचविशीला टेकला आहे. स्वतःची मोटारसायकल आहे. परवा त्याला विचारले, त्या दिवसाचे काय आठवते? मला वाटले, गाड्यांची नावे सांगेल. तो म्हणाला, "तुटलेली फांदी."

आबा ओट्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "आमच्या काकांनी अडुसष्ट साली बैलगाडी रस्त्याखाली घेतली अन् जू धरून उभे राहिले. त्यांना कोणी शिट्टी वाजवून सांगितलं नव्हतं. तुम्हाला शिट्टी वाजवली तर तेवढी तरी ऐका."